चेन सॉची धार: कानस कधी, ग्राइंडर कधी

चेन सॉची, म्हणजे लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीची, दुकानातून धार लावून आणलेली चेन पहिल्या दोन-तीन ओंडक्यांत सपासप चालते आणि मग एकदम बसते. घरची कानस काढून हात फिरवावा तर ती दातावरून नुसती घसरते. किरकिर आवाज होतो, पोलाद काही निघत नाही. मग दोष कधी कानशीवर जातो, कधी कंपनीवर, कधी लाकडावर. ‘हल्लीच्या चेनमध्ये दम राहिला नाही’ असं बागायतदारही म्हणतात आणि लाकूडतोडीची कामं घेणारेही. दम असतो, पण बहुतेक वेळा तो ग्राइंडरच्या चाकाखाली दोन सेकंदांत गेलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजची धार कानशीने लावावी, आणि मार खाल्लेली चेन ताळ्यावर आणायला ग्राइंडर वापरावा. ग्राइंडरवाल्यांना हे पटत नाही, आणि त्यांच्याकडेही सांगण्यासारखं बरंच आहे. ते पुढे येईलच. पण फरक नेमका कुठे पडतो हे कळायचं तर आधी एक दात उजेडात धरून नीट बघायला हवा.

दात कापतो कसा

चेनचा दात म्हणजे जवळजवळ काटकोनात वळवलेली पोलादाची पट्टी. एक बाजू उभी, एक आडवी, आणि दोन्ही जिथे मिळतात तो पुढचा कोपरा. खरं काम त्या कोपऱ्यापासून सुरू होतं. चेन धावते तेव्हा कोपरा आणि उभी बाजू लाकडाचे तंतू तोडत जातात. आडवी पट्टी तुटलेले तंतू तळातून उचलते आणि ढलपी बाहेर पडते. दाताच्या पुढे, त्याच कडीवर, एक छोटा उंचवटा असतो. बाजारात त्याला रेकर म्हणतात, पुस्तकी नाव डेप्थ गेज. तो स्वतः काहीच कापत नाही. रंध्याचं पातं तळातून किती बाहेर ठेवायचं हे सुतार ठोकून ठरवतो ना, तेच काम इथे रेकर करतो: दाताने लाकडात किती खोल शिरायचं ते ठरवतो. बऱ्याच चेनमध्ये आडव्या पट्टीची धार रेकरपेक्षा साधारण 0.65 मिमी वर असते. सगळं मशीन एवढ्याशा फरकावर चालतं.

आणि ते चालतं कोणत्या वेगाने, तेही बघा. चेन ज्या लांब पट्टीच्या कडेने धावते तिला बार म्हणतात, आणि लागोपाठच्या तीन रिवेटमधल्या अंतराचा निम्मा म्हणजे चेनचा पिच, तो इंचात सांगतात. 18 इंची बारवर .325 पिचची चेन घेतली तर तिला साधारण 72 ड्राइव्ह लिंक, म्हणजे बारच्या खाचेत धावणाऱ्या कड्या, असतात. दर दोन लिंकमागे एक, असे 36 दात, अठरा डावे आणि अठरा उजवे. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला सुमारे 20 मीटर पळते. हिशेब केला तर एका सेकंदात 600च्या आसपास दात लाकडावरून जातात. एकाच दाताला खोट असली तरी ती सेकंदाला सोळा-सतरा वेळा लाकडाला भेटते. आणि चेन एकदा चालू असताना दगडाला टेकली की क्षणभरात सगळ्याच दातांचे कोपरे गेले, हेही यावरूनच कळेल.

दाताची ही घडण जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकी माणसाची. 1946 मध्ये ऑरेगन राज्यातल्या जंगलात त्याने लाकूड पोखरणारी एका भुंगेऱ्याची अळी पाहिली. तिचे वाकडे जबडे डावी-उजवीकडे हलत लाकूड तंतूंच्या दिशेने आणि आडवंही सारख्याच सहजतेने खात होते. त्यावरून त्याने डावे-उजवे वळलेले दात केले आणि 1947 मध्ये पोर्टलंड शहरात चेन बनवायची कंपनी काढली. आजची ऑरेगन कंपनी ती हीच. त्याआधीच्या चेनचे दात जुन्या दोन माणसांच्या करवतीच्या धाटणीचे, लाकूड ओरबाडत चालणारे होते, आणि त्यांना धार लावणं फार वेळखाऊ होतं. कॉक्सच्या दाताचं पोट आतून गोलाकार असल्यामुळे गोल कानस त्यात बरोबर बसते. आज आपण कानस आणि ग्राइंडर असा वाद घालू शकतो तो त्याच्यामुळेच.

आणखी एक गोष्ट दिसत नाही पण महत्त्वाची आहे. आडव्या पट्टीच्या वरच्या अंगावर कठीण क्रोमचा अतिशय पातळ थर असतो. खालचं पोलाद थोडं झिजलं तरी हा थर धार धरून ठेवतो. चेन बोथट होते तेव्हा धारेजवळचा हा थर झिजलेला किंवा तुटलेला असतो. धार लावायची म्हणजे तो बाद झालेला भाग संपून शाबूत क्रोमपर्यंत मागे जायचं. त्याच्या अलीकडे थांबलात तर धार बोटाला लागेल, लाकडात मात्र टिकणार नाही.

चेन बोथट झालीय का, हे बोट फिरवून बघायची गरज नाही. मशीनच्या मागे काय पडतंय ते बघा. ढलप्या पडत असतील तर ठीक. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला की थांबा. मशीनला वरून दाबावं लागत असेल, कापातून जळका वास येत असेल, काप एका बाजूला वळत असेल, तर आधीच उशीर झालाय. दुसरी खूण उजेडातली. दात सूर्याकडे धरून धारेकडे समोरून बघा. बोथट धार पांढऱ्या रेघेसारखी चमकते, कारण गोल झालेल्या कडेवरून उजेड परततो. धार तेज असेल तर तिथे काहीच चमकत नाही. ही रेघ बघायची सवय लागली की धार नक्की कधी लागली हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही.

कानशीचं काम

कानस गोल हवी आणि चेनच्या पिचप्रमाणे हवी. छोट्या मशीनवर असते ती 3/8 लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची, चेन. तिला 4 मिमीची. .325 ला 4.8 मिमीची. मोठ्या मशीनच्या पूर्ण 3/8 ला कंपनीप्रमाणे 5.2 किंवा 5.5 मिमीची. चेनच्या डब्यावर हे लिहिलेलं असतं, आणि डबा टाकून देण्याची आपल्याकडे घाई असते. दुकानात ‘गोल कानस द्या’ म्हटलं की हाताला येईल ती मिळते. कानस फार बारीक असली तर ती दाताच्या पोटात खोल उतरते आणि धार नको तेवढी पातळ होते. पहिल्या कापाला मजा येते, दुसऱ्या तासाला धार गेलेली असते. कानस फार जाड असली तर धारेला मागे झुकलेला, बोजड कोन येतो आणि दात लाकडावरून घसरतो.

उंचीही महत्त्वाची. कानशीच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा आडव्या पट्टीच्या वर राहायला हवा. नवशिक्यांना हे डोळ्यांनी जमत नाही, म्हणून कानशीवर बसवायची गाइडची पट्टी मिळते. तिच्यावर कोनाच्या रेघाही असतात. साध्या आडव्या कापणीसाठी बहुतेक चेनना 30 अंशांचा कोन चालतो, काहींना 25 लागतो. गाइड वापरण्यात कमीपणा नाही. वर्षानुवर्षं मोकळ्या हाताने कानस मारणाऱ्यांचे दात मोजून बघा, डावे आणि उजवे क्वचितच सारखे भरतात.

पद्धत साधी आहे. इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात मोजे. बार व्हाइसमध्ये धरा. रानात असाल तर ओंडक्यात ठोकायचा छोटा व्हाइस मिळतो, तोही नसेल तर बुंध्यात एक खाच पाडून बार त्यात अडकवा. चेन थोडी ताणून घ्या म्हणजे दात डुलत नाही. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची. परत आणताना उचलायची, घासत आणायची नाही, कारण उलट्या दिशेने तिचे दात कापत नाहीत, नुसते झिजतात. जोर थोडा मागे, दाताकडे, आणि किंचित वर. खाली दाबली की कानस पोटात उतरते आणि आडव्या पट्टीला धारच लागत नाही. ही चूक फार दिसते.

सुरुवात सगळ्यात खराब दातापासून करावी. त्याला पांढरी रेघ जाईपर्यंत हात मारायचे आणि ते मोजायचे. समजा पाच लागले, तर त्या बाजूच्या सगळ्या दातांना पाच. मग मशीन फिरवून दुसरी बाजू. इथे उजव्या हाताच्या माणसाची एक अडचण होते: एका बाजूचे दात त्याच्या सोयीचे असतात, दुसऱ्या बाजूला मनगट वाकडं पडतं. त्यामुळे एका बाजूचे दात जास्त तेज किंवा लांब राहतात, आणि मशीन काप त्या बाजूला ओढतं. ओंडका सरळ कापायला घेतला आणि खाली तिरका उतरला तर बारपेक्षा आधी दात तपासा. साधा व्हर्नियर घेऊन दोन्ही बाजूंचे दोन-तीन दात मोजले की कारण दिसतं. ज्या बाजूचे दात लांब भरतील त्या बाजूला एक-दोन हात जास्त मारायचे, आणि दर काही वेळाने पुन्हा मोजायचे.

दर धारेला दोन-तीन हात पुरत असतील तर 36 दातांना दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. मुरलेली माणसं पेट्रोलची टाकी भरायला थांबली की तेवढ्यात दोन-दोन हात फिरवून घेतात. अशी चेन कधी पूर्ण बोथट होतच नाही. दातातून दर वेळी निघतं तेही केसभर. कानशीचा खरा फायदा हा आहे: ती पोलाद तापवत नाही आणि गरजेपेक्षा जास्त काढायला तिला वेळ लागतो, त्यामुळे चूक झाली तरी छोटीच होते.

कानसही झिजते, हे मात्र लोक विसरतात. तीच कानस दोन पावसाळे वापरून ‘हाताने धार लागत नाही’ म्हणणारे खूप. चकाकी आलेली, गुळगुळीत कानस फेकून द्यावी. चेनच्या मानाने तिची किंमत किरकोळ आहे. तेल लावू नये, तारेच्या ब्रशने साफ करावी आणि कोकणात असाल तर कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी, नाहीतर एका पावसाळ्यात तिच्यावर गंज बसतो.

ग्राइंडर काय करतो

ग्राइंडर म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी, आणि वाद घालताना लोक त्या एकात मिसळतात. पहिला बेंच ग्राइंडर: खाली चेन धरायचा छोटा व्हाइस, कोन लावायची सोय, दात अडवणारी खुंटी आणि वर खाली येणारं पातळ चाक. लो प्रोफाइल आणि .325 साठी साधारण 3.2 मिमी जाडीचं, मोठ्या चेनसाठी 4.8 मिमीचं. दुसरा हातात धरायचा, 12 व्होल्टवर किंवा बॅटरीवर चालणारा, पुढे बारीक दगडाची कांडी असलेला. तो खरं तर फिरणारी कानसच आहे. कोन हातानेच सांभाळावा लागतो. तिसरा प्रकार म्हणजे घरच्या अँगल ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क लावून एकेका दाताला टेकवणं. बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कटिंग डिस्क कडेने कापायला बनवलेली असते, बाजूने घासायला नाही. ती तुटली तर तोंडावर येते. दात जळतो आणि कोन वाटेल तसा होतो, ते वेगळंच.

बेंच ग्राइंडरची बाजू मात्र भक्कम आहे. एकदा कोन आणि खुंटी लावली की छत्तीसच्या छत्तीस दात एकाच लांबीचे, एकाच कोनाचे निघतात. हाताला हे जमत नाही. खिळा लागून चार दातांचे कोपरे उडाले असतील तर कानशीने एवढं पोलाद काढायला दुपार जाते, ग्राइंडरला काही मिनिटं पुरतात. ज्या कंत्राटदाराकडे दहा-बारा मशीन आणि चाळीस चेन आहेत त्याला ‘कानस मारत बसा’ सांगणं हास्यास्पद आहे. लाकूड उभं चिरून फळ्या काढायच्या चेनला साधारण 10 अंशांचा कोन लागतो. साधी चेन त्या कोनावर न्यायची तर तेही ग्राइंडरचंच काम. टंग्स्टन कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कितीतरी कठीण दातांच्या चेनला तर कानस लागूच पडत नाही, तिथे हिऱ्याचं चाक हवं.

मग बिघडतं कुठे? उष्णतेत. दाताचं पोलाद आधी तापवून झटकन थंड केलेलं आणि मग मोजून-मापून पुन्हा थोडं तापवलेलं असतं. लोहार विळ्याला पाणी पाजतो, तेच कारखान्यात नेमकेपणाने केलेलं. धार जिथे असते तिथे दात सगळ्यात पातळ असतो, म्हणजे उष्णता मागे पळायला जागा सगळ्यात कमी. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेणारं चाक तिथे दाबून धरलं की बाकी दात कोमट असताना ती पातळ कड कधी तापली ते कळतही नाही. पोलाद तापत जातं तसा त्याच्या पृष्ठभागावर रंग उमटतो: आधी पिवळसर, मग तपकिरी, आणि 300 अंश सेल्सिअसच्या सुमारास निळा. निळा दिसला म्हणजे त्या भागाचं पाणी उतरलं. ती कड आता मऊ आहे.

काही वेळा त्याहून वाईट होतं. कड क्षणभर लालबुंद होते, आणि चाक उचललं रे उचललं की मागचा थंड दात ती उष्णता शोषून घेतो. म्हणजे तिथे पोलाद पुन्हा झटकन थंड झालं, पण नंतरचं ते मोजून-मापून तापवणं झालंच नाही. तो पापुद्रा काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. एकाच दातावर एक भाग मऊ आणि त्याच्या शेजारचा ठिसूळ, अशी अवस्था. मऊ भाग लाकडात लगेच गोल होतो, ठिसूळ भागाचे बारीक टवके उडतात. चेन दोन ओंडक्यांत बसते ती यामुळे, आणि कानस घसरते तीही यामुळेच, कारण तो पापुद्रा कानशीइतकाच कडक झालेला असतो. अशा दाताला कानशीने उतारा नाही. जळालेला भाग पूर्ण निघेपर्यंत पुन्हा ग्राइंडरच लावावा लागतो, या वेळी हलक्या हाताने, आणि त्यात दाताची बरीच लांबी जाते.

चांगला धार लावणारा ओळखायचा तो चाक टेकवण्याच्या पद्धतीवरून. तो चाक दाबून धरत नाही. टेकवतो, उचलतो, पुन्हा टेकवतो, आणि एका फेरीत सगळं काढण्याऐवजी चेन दोन-तीनदा फिरवतो. मधूनमधून चाकाच्या कडेला ड्रेसिंगचा दगड लावतो. वापरून चाकाचे कण बोथट होतात, मधल्या फटींत पोलादाची भुकटी भरते आणि पृष्ठभाग चकाकतो. असं चाक कापत नाही, घासतं, आणि घासण्यातून नुसती उष्णता निघते. ड्रेसिंगने नवे कण वर येतात आणि चाकाच्या कडेचा गोल आकारही परत मिळतो. सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) या अतिशय कठीण पदार्थाच्या कणांची महाग चाकं मिळतात, ती थंड चालतात आणि त्यांना ड्रेसिंग लागत नाही. रोज ढीगभर चेन करणाऱ्याला ती परवडतात. नवं चाक बसवण्यापूर्वी ते बोटावर लटकवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच वाजवून बघावं: स्वच्छ आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे, ते चाक लावू नये. आणि चष्मा. याला सूट नाही.

दुसरा तोटा पोलादाचा. ग्राइंडरवर सगळे दात सगळ्यात आखूड दाताच्या लांबीला आणले जातात. नवं गिऱ्हाईक, बोथट चेन, घाई. मग धार दिसावी म्हणून सगळ्याच दातांतून अर्धा मिमी काढून टाकणं सोपं असतं. चेन चमकते, गिऱ्हाईक खूश. असं चार-पाचदा झालं की चेनचं निम्मं आयुष्य भुकटी होऊन दुकानाच्या फरशीवर पडलेलं असतं.

रेकर विसरला की सगळं विसरलं

कानस असो की ग्राइंडर, दोन्ही बाजूंचे लोक इथे सारखेच चुकतात. दाताची आडवी पट्टी मागे उतरती असते. धार लावत गेलं की दात मागे सरकतो आणि त्यासोबत धारेची उंचीही कमी होते. रेकर मात्र जागच्या जागी उभा. काही धारांनंतर 0.65 मिमीचा फरक 0.3 वर येतो आणि मग धार कितीही तेज असली तरी दात लाकडात शिरतच नाही. लोक पुन्हा धार लावतात, दात आणखी मागे जातो, फरक आणखी घटतो. ‘धार लावली तरी कापत नाही’ या तक्रारीमागे माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा हाच रेकर असतो, आणि दुकानातही त्याला सहसा कुणी हात लावत नाही, कारण धार लावायचे पैसे ठरलेले, रेकरचे कोण देणार?

उपाय सोपा. रेकर मोजायची छोटी पोलादी पट्टी मिळते. ती दातांवर आडवी ठेवली की रेकर तिच्या खाचेतून डोकावतो. जेवढा वर दिसेल तेवढा चपट्या कानशीने उतरवायचा आणि पुढचं टोक पुन्हा गोल करायचं. दर तीन-चार धारांनंतर हे बघावं. एकाच वेळी धार आणि रेकर दोन्ही करणारी टू-इन-वन कानसही बाजारात आहे. दोन गोल कानशी आणि मध्ये एक चपटी, अशी. ज्यांना मोजमाप जमत नाही त्यांनी तीच घ्यावी.

पण रेकर जास्त उतरवण्याचा मोह नको. ‘थोडा जास्त काढला की जोरात कापते’ असं सांगणारे भेटतात, आणि ते अर्धं खरं आहे. दात खोल शिरतो, मशीन झटके देऊ लागतं, चेन अडकते, आणि बारचं टोक लाकडाला लागून मशीन उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. रेकर उतरवलेला परत वर येत नाही. सगळे दात तेवढे मागे जाईपर्यंत त्याच चेनशी झगडावं लागतं.

कुणी काय करावं

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धनच्या परिसरात आदळलं. माड, पोफळी, आंबे, काजू आडवे झाले, रस्ते बंद, आणि बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनारपट्टी पुन्हा झोडपली. अशा वेळी पेट्रोलवर मशीन चालतं, पण बेंच ग्राइंडरला वीज लागते. वाडीत कानस आणि ती मारणारा हात असेल तर काम चालू राहतं. त्यात पडलेल्या झाडांचं लाकूड साधं नसतं. बुंध्याला लाल माती आणि जांभ्याची खर चिकटलेली असते, आणि माडाचं बाहेरचं कवच मुळात कठीण. अशा लाकडात धार तासाभरातही जाऊ शकते. तिथे दर टाकीला दोन हात मारण्याला पर्याय नाही. शक्य असेल तिथे आधी साल घासून किंवा कोयत्याने तासून माती काढावी, आणि कापताना चेन जमिनीला टेकू देऊ नये. अशा कामाला गोलसर कोपऱ्याची, सेमी चिझल म्हणतात ती चेन बरी. टोकदार कोपऱ्याची फुल चिझल स्वच्छ लाकडात वेगाने जाते, पण मातीत तिचा कोपरा लवकर मरतो.

सागाचंही असंच. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूतला तोच पदार्थ, आणि ती दाताला खाते. साग कापणाऱ्याने ‘माझी चेन फार लवकर बोथट होते’ म्हणून दुकान बदलण्यात अर्थ नाही. कानस खिशात हवी.

शहरात उलट अडचण. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे, तारांचे, रोषणाईचे खिळे साल वाढून आत गडप झालेले असतात. पावसाळ्यापूर्वी फांद्या उतरवताना चेन त्यावर गेली की ठिणगी दिसते आणि काही दात कामातून जातात. इथे चेन ग्राइंडरवर न्यावी, सगळे दात एका मापात आणून घ्यावेत, आणि नंतर पुन्हा कानशीवर यावं. हाताने धार लावणाऱ्यानेही अधूनमधून चेन ग्राइंडरवर नेऊन सारखी करून घेतली तर वाकडे काप सरळ होतात. एक सांभाळायचं: ग्राइंडरवर ज्या कोनाला दात लावला, त्याच कोनाला पुढे कानस धरायची. कोन बदलला की पहिल्या दोन-तीन धारा नुसता आकार बदलण्यातच जातात.

वर्षातून चार वेळा लाकूड कापणाऱ्याने बेंच ग्राइंडर घेऊ नये. दोन कानशी, एक गाइड आणि रेकरची पट्टी पुरते. दोन चेन आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे एक ग्राइंडरवर गेली तरी काम अडत नाही, आणि स्प्रॉकेटची, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाची, झीजही दोन्हींना सारखी मिळते.

दुकानात चेन देताना तीन गोष्टी सांगा: कोन किती, पोलाद कमीत कमी काढायचं, रेकर मोजायचे. परत घेताना तिथेच उजेडात धरा. धारेवर निळा किंवा तपकिरी पट्टा दिसतो का, डावे आणि उजवे दात सारखे लांब आहेत का, रेकरच्या टोकावर ताज्या कानशीची चकाकी आहे का. पट्टा दिसला तर पैसे देण्याआधी दाखवा.

बऱ्याच चेनच्या दातावर मागच्या बाजूला एक तिरपी रेघ कोरलेली असते. दात झिजत त्या रेघेपर्यंत आला, म्हणजे आडवी पट्टी साधारण 4 मिमी उरली, की ती चेन संपली. पुढे धार लागते, पण दात तुटून उडण्याचा धोका राहतो. त्याआधीही रिवेटपाशी किंवा कडीला तडा दिसला, एखादी कडी अडखळू लागली, तर दात कितीही शिल्लक असोत, चेन बारवरून उतरवा आणि भंगारात टाका.